बोलण्याचा विटाळ

गेल्या वर्षी माझी मावशी अकरा दिवस रुग्णालयात होती. बायकांचा जनरल वॉर्ड. रात्री तिच्या खाटेशेजारी स्टुलावर मी बसून असायचे. एका रात्री मावशीचा डोळ्याला डोळा लागला नाही. पलीकडच्या खाटेवरच्या, चार दिवसांपूर्वीपर्यंत नावही ठाऊक नसलेल्या बाईंना ती आपल्या पहिल्या बाळाबद्दल सांगत होती. असं एक बाळ होऊन गेलं, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. त्या बाई मधूनमधून 'हं, मग?' एवढंच म्हणायच्या. मग त्यांनीही त्यांचं काही सांगितलं. पहाटे सिस्टर आल्या, ताप बघितला आणि केसपेपरवर लिहून गेल्या: रात्र शांत गेली, तक्रार नाही. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. केसपेपरवर तेवढंच लिहायचं असतं.

नेमकी त्याच दिवसांत माझ्या पिशवीत एलेन फीनी या आयरिश लेखिकेची 'अ‍ॅज यू वेअर' ही कादंबरी होती. २०२० साली आलेली, त्यांची पहिलीच कादंबरी. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका मोडकळीला आलेल्या रुग्णालयाचा वॉर्ड, आणि त्यात खाटांना खिळलेली माणसं. नायिका शिनेड हाइन्स जमिनी-घरांच्या व्यवहारातली खमकी बाई. आपण मरणार आहोत हे तिला कळलंय, पण ते तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलांना नाही, कोणालाच नाही. तिचं गुपित फक्त गूगलला आणि एका मॅग्पाय पक्ष्याला माहीत आहे. शेजारच्या खाटेवर जेन लोहन ही स्मृतिभ्रंश झालेली म्हातारी. तिच्या बोलण्यातून जुना आयर्लंड तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत राहतो. मोठ्या कुटुंबाचा गाडा खाटेवरून हाकणारी मार्गारेट रोझ आहे. पडदे ओढलेले असले तरी आवाज पडद्याला जुमानत नाहीत. एकीचं दुःख दुसरीच्या कानात जातं आणि तिच्या दुःखाची गाठ सैल करतं.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते या वॉर्डातूनच निघतं. बायका एकमेकींजवळ बसून बोलतात तेव्हा सत्य गढूळ होतं की वर येतं? प्रश्न साहित्याचा वाटेल, पण आयर्लंडमध्ये तो सरकारी अहवालाचा, न्यायालयाचा आणि शेकडो लहान मुलांच्या हाडांचा प्रश्न झालेला आहे.

फीनी गॉलवे परगण्यातल्या अ‍ॅथनरायच्या. आधी कवयित्री. 'व्हेअर्स केटी?' (२०१०), 'द रेडिओ वॉज गॉस्पेल' (२०१३), 'राइज' (२०१७) असे संग्रह आल्यानंतर त्या कादंबरीकडे वळल्या, आणि २०२४ साली 'ऑल द गुड थिंग्ज यू डिझर्व्ह' घेऊन पुन्हा कवितेकडे आल्या. 'हाऊ टू बिल्ड अ बोट' ही त्यांची दुसरी कादंबरी २०२३ च्या बुकर पारितोषिकाच्या लांब यादीत होती. तिच्यातला तेरा वर्षांचा जेमी जन्मताच आईला मुकलेला आहे आणि न थांबणारं यंत्र बनवून तिच्यापर्यंत पोचायची त्याची धडपड चालू आहे. 'लेट मी गो मॅड इन माय ओन वे' या २०२५ च्या कादंबरीत एका घरातली हिंसा पिढ्यांपिढ्या कशी झिरपते ते येतं. आई हरवलेलं मूल, न सांगितलेलं दुखणं, घराने गिळलेला इतिहास: त्या पुन्हा पुन्हा तिथेच का जातात, हे कळायला अ‍ॅथनरायहून फार लांब जावं लागत नाही. त्याच परगण्यात, थोडं उत्तरेला, ट्यूम नावाचं गाव आहे.

ट्यूममध्ये १९२५ ते १९६१ या काळात बाँ सकूर संघाच्या नन्स एक 'मदर अँड बेबी होम' चालवत. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना तिथे आणून सोडत. बाळंत झाल्यावर साधारण वर्षभर फुकट राबायचं आणि मग बाळ तिथेच ठेवून निघून जायचं, असा रिवाज. मुलं तिथे वाढत, दत्तक जात, कोणाच्या तरी शेतावर जात किंवा मरत. आसपासच्या लोकांना सगळं दिसत होतं. उंच भिंत होती, पण मुलं रोज गावच्या शाळेत येत. दहा मिनिटं उशिरा येत आणि दहा मिनिटं आधी निघत, म्हणजे इतर मुलांमध्ये मिसळायला नकोत. त्यांच्या जड बुटांचा आवाज रस्त्यावरून आधी यायचा.

हे बूट लक्षात ठेवलेल्यांपैकी एक कॅथरीन कॉरलेस. त्यांनी सांगितलेली एक आठवण मला सोडत नाही. शाळेत असताना एका मैत्रिणीचं बघून त्यांनी चॉकलेटचा रिकामा कागद गोळी असल्यासारखा गुंडाळला आणि होममधल्या एका मुलीपुढे धरला. तिने तो अधाशासारखा उघडला. आत काही नव्हतं. पुढे आयुष्यभर त्या मुलीचा चेहरा कॉरलेस यांच्या मनातून गेला नाही.

कॉरलेस इतिहासाच्या प्राध्यापक नव्हेत. गावातल्या गृहिणी, स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या. २०१२ साली गावच्या इतिहास मंडळाच्या वार्षिकात या होमवर लेख लिहायला म्हणून त्यांनी माहिती काढायला घेतली. १९७५ च्या सुमाराला दोन पोरांना खेळता खेळता एका लादीखाली हाडं दिसली होती, हे गाव सांगायचं. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळातली असतील, असं म्हणून विषय मिटला होता. कॉरलेस यांनी जुने नकाशे काढले, तर नेमक्या त्या जागी सांडपाण्याची टाकी दाखवलेली. मग त्यांनी निबंधकाकडून मृत्यूच्या नोंदी मागवल्या, एकेका नोंदीचे चार युरो स्वतःच्या खिशातून भरून. यादी वाढतच गेली आणि ७९६ मुलांवर थांबली. ७९६ जणांच्या मृत्यूची नोंद होती. दफनाची नव्हती.

हा तपशील मी मुद्दाम रेंगाळून सांगते आहे, कारण 'लोकांच्या आठवणींवर विसंबता येत नाही, कागदच खरे' असं म्हणणाऱ्यांना त्यातच उत्तर आहे. कागद होते. छत्तीस वर्षं प्रत्येक मृत्यू रीतसर नोंदला जात होता आणि कोणत्याही साहेबाला ही पोरं पुरली कुठे असं विचारावंसं वाटलं नाही. कागदाला तोंड फुटलं ते दोन पोरांच्या आठवणीमुळे आणि एका बाईच्या मनाला लागलेल्या टोचणीमुळे. आठवण आधी आली, पुरावा तिच्या मागून चालत आला.

२०१४ मध्ये ही बातमी जगभर गेली. २०१५ साली सरकारने न्यायाधीश इव्हॉन मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. मार्च २०१७ मध्ये आयोगानेच जाहीर केलं की ट्यूममध्ये जमिनीखालच्या कप्प्याकप्प्यांच्या एका बांधकामात मोठ्या प्रमाणावर मानवी अवशेष सापडले आहेत, पूर्ण दिवस न भरलेल्या अर्भकांपासून दोन-तीन वर्षांच्या मुलांपर्यंतचे. १२ जानेवारी २०२१ रोजी अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला, जवळपास तीन हजार पानांचा. आयोगाने तपासलेल्या देशभरातल्या अशा अठरा संस्थांमध्ये सुमारे ५७,००० मुलं होऊन गेली आणि त्यांतली ९,००० दगावली, असं त्यात म्हटलं आहे. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी संसदेत माफी मागितली.

मग बायकांनी अहवाल वाचायला घेतला आणि त्यांना त्यात स्वतः सापडेनात.

आयोगाने एक गोपनीय समिती ठेवली होती. तिच्यापुढे ५५० जणांनी येऊन आपली हकिगत सांगितली. वकील नको, उलटतपासणी नको, मोकळेपणाने बोला, असं ते होतं. कोणी साठ वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. अहवालात या साक्षींना वेगळं प्रकरण मिळालं, निष्कर्षांत मात्र जागा मिळाली नाही. साक्षीदार प्रामाणिक आहेत याबद्दल शंका नाही, असं आयोगाने आधी म्हटलं. आणि पुढे म्हटलं की त्या इतर रहिवाशांना भेटल्या, बातम्या वाचल्या-ऐकल्या, त्यामुळे काही पुरावा दूषित झाल्याची चिंता वाटते. दूषित! मराठीत याला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे. विटाळ. बायका एकमेकींशी बोलल्या, म्हणून त्यांच्या शब्दांना विटाळ झाला.

हा शब्द मी लांबून ओढून आणलेला नाही. आयर्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळंत झालेल्या बाईला चर्चच्या रोजच्या व्यवहारात परतण्याआधी पाद्रीकडून खास आशीर्वाद घ्यावा लागे. देव जन्म देतो म्हणायचं आणि जन्म देणारीला दाराबाहेर थांबवायचं, ही रीत तिकडच्या बायकांनाही अंगवळणी पडलेली होती. त्यांच्याच लेकीसुनांच्या बोलण्याबद्दल २०२१ सालच्या सरकारी अहवालात तीच भावना कायद्याचा झगा घालून आली, असं मला वाटतं.

पुढचं तर आणखी संताप आणणारं. या हकिगतींची ध्वनिमुद्रणं आयोगाने पुसून टाकली होती. सांगणाऱ्यांची ओळख गुप्त राहावी म्हणून, असं कारण दिलं गेलं. आमचं बोलणं पुसलं जाणार हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, असं अनेकींचं म्हणणं. बराच गदारोळ झाल्यावर ती मुद्रणं राखीव टेपांवरून परत मिळवली गेली. जून महिन्यात आयोगाच्या एका सदस्या विद्यापीठीय चर्चासत्रात बोलल्या, की या साक्षी निष्कर्षांत धरायच्या तर पडताळणीला पुष्कळ जास्तीचा वेळ लागला असता. आणि डिसेंबर २०२१ मध्ये अशा होममधून गेलेल्या फिलोमिना ली आणि मेरी हार्नी यांच्या दाव्यांत सरकारनेच उच्च न्यायालयात मान्य केलं, की अहवालाचा मसुदा या स्त्रियांना आधी न दाखवून त्यांचा कायदेशीर हक्क डावलला गेला.

आता आयोगाची बाजूही नीट मांडायला हवी. शपथेवर दिलेली साक्ष आणि शपथेविना सांगितलेली हकिगत यांना कायदा एका तागडीत तोलत नाही. कोणावर आरोप ठेवायचा तर त्यालाही उलट विचारायची संधी हवी. आठवण बदलते, हेही खरं. दहा वेळा सांगितलेली गोष्ट दहाव्यांदा गुळगुळीत होऊन येते, दुसऱ्याचं ऐकलेलं आपलं वाटू लागतं. हे सगळं मला मान्य आहे. मान्य नाही ते यावरून काढलेलं अनुमान. आठवणीला पडताळणी लागते, तशीच ती नोंदवहीलाही लागते. नन्सनी ठेवलेल्या वह्या कोणी शपथेवर लिहिल्या होत्या? कोणी त्यांची उलटतपासणी घेतली? तरी त्या 'दस्तऐवज' ठरल्या. मुलींना चर्चने किंवा सरकारने बळजबरीने होममध्ये धाडल्याचा पुरावा नाही, असं आयोगाने म्हटलं, आणि बहुतेकींना दुसरा मार्गच नव्हता हेही त्याच अहवालात लिहिलं. दुसरा मार्ग नसणं ही बळजबरी की नाही, हे ज्या मुलीला बाप रात्री गाडीत घालून घेऊन गेला तिला विचारायचं नाही, तर कोणाला?

इथे फीनी यांचं काम मला फार मोलाचं वाटतं, आणि फक्त कादंबऱ्या नव्हेत. गॉलवे विद्यापीठात २०१९ साली ट्यूम मौखिक इतिहास प्रकल्प सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्या आहेत. इतिहासकार सारा-अ‍ॅन बकली आणि जॉन कनिंगहॅम यांच्यासोबत. होममध्ये जन्मलेल्या, वाढलेल्या माणसांचं म्हणणं त्यांच्या आवाजात, त्यांच्या संमतीने, सवडीने नोंदवून जपायचं, असं हे काम. यात कवीचं काय काम, असं विचारणारे भेटतील. मला वाटतं कवीचा कानच इथे लागतो. चौकशी करणारा माणूस वाक्य पूर्ण व्हायची वाट बघतो, कारण त्याला विधान हवं असतं. कवीला अर्धवट सोडलेलं वाक्यही ऐकू येतं. बाई 'मग त्यांनी त्याला...' म्हणून थांबते, खिडकीबाहेर बघते आणि हवापाण्याबद्दल बोलायला लागते, तेव्हा त्या थांबण्यात काय आहे ते टिपणारं माणूस त्या खोलीत हवं. फीनी यांच्या गद्यातही हा कान दिसतो. वाक्यं मध्येच तुटतात, एकीचं बोलणं दुसरीच्या बोलण्यात शिरतं, जेनची आठवण कोणत्या सालातली ते कळत नाही आणि तरी ती खोटी वाटत नाही. आयोगाला जे दूषण वाटलं तीच या कादंबरीची रचना आहे.

लेखक दुसऱ्यांच्या दुःखावर आपलं घर बांधतात, हा आक्षेप त्याहून गंभीर आहे. ट्यूमवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि प्रत्येक लिहिणाऱ्याने तिथल्या माणसांना विचारलं असेल असं नाही. फीनी यांना हा आक्षेप मी लावणार नाही. त्यांनी दोन कामं दोन जागी ठेवली आहेत: कादंबरीत कल्पित बायका, आणि ज्यांनी खरोखर सोसलं त्यांच्यासाठी त्यांच्या स्वतःच्या आवाजाचं दप्तर. जिवंत माणसाची हकिगत घेऊन तिच्यावर स्वतःचं नाव घालण्यापेक्षा त्या माणसापुढे ध्वनिमुद्रक ठेवून गप्प बसणं अवघड असतं, विशेषतः लेखकाला.

मराठी वाचकाला या विषयावर वाचताना १८६३ सालचं पुणं आठवल्याशिवाय राहणार नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेही फसवल्या गेलेल्या विधवांसाठी, आणि तिथेही गुप्तता हाच मोठा आधार होता. पण ती गुप्तता बाईच्या हातात होती. हवं तर मूल घेऊन जा, हवं तर इथे ठेव. पुढे त्या दोघांनी दत्तक घेतलेल्या यशवंतची आई काशीबाई होती, हे आज आपल्याला नावानिशी माहीत आहे. आयर्लंडमध्ये मात्र फिलोमिना ली यांचा मुलगा अमेरिकेत दत्तक गेला, मोठेपणी आईला शोधत, नन्सच्या ज्या मठात जन्मला त्याच मठात आला आणि त्याला काही सांगितलं गेलं नाही. आईही त्याच दारात विचारत होती. १९९५ साली तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्या मठाच्या आवारात पुरला गेला. दोघांनाही एकमेकांपासून जपणारी ही गुप्तता कोणासाठी होती? जिचं गुपित तिलाच त्याची किल्ली न देणं, याला गोपनीयता म्हणत नाहीत. स्वतःचा जन्मदाखला आणि जन्माची पूर्ण माहिती मिळवण्याचा हक्क आयर्लंडमधल्या दत्तक गेलेल्या माणसांना कायद्याने मिळायला २०२२ साल उजाडावं लागलं.

कागदाचा हट्ट अजूनही सुटलेला नाही. नुकसानभरपाईची योजना मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. सरकारचा अंदाज होता ३४,००० लाभार्थी आणि ८० कोटी युरो. पण लहानपणी त्या संस्थेत १८० दिवसांहून कमी काळ राहिलेल्याला त्यातून एक पैही मिळत नाही. म्हणजे पाचव्या महिन्यात आईच्या कुशीतून काढून परक्या घरी दिलेल्या मुलाचं काही गेलं नाही, असं हा नियम सांगतो. नोंदवहीत दिवस मोजता येतात, म्हणून दिवस मोजले. असा नियम लिहिणाऱ्याने त्या ५५० पैकी एक जरी मुद्रण शेवटपर्यंत ऐकलं असतं, तर त्याचा हात अडखळला असता, असं मला मनापासून वाटतं.

ट्यूममध्ये जुलै २०२५ मध्ये उत्खनन सुरू झालं. सापडेल त्या प्रत्येक अवशेषाची ओळख पटवून सन्मानाने दफन करायचं असं ठरलं आहे, आणि त्यासाठी नातेवाइकांच्या डीएनएचे नमुने घेतले जात आहेत. नमुने देणाऱ्यांत ऐंशीच्या घरातली माणसं आहेत. डब्लिनमध्ये, जिथे पूर्वी मॅग्डलीन लाँड्री (नन्सनी चालवलेली, 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या बायकांना फुकट राबवणारी धुलाईगृहं) होती त्या जागी, स्मरण आणि संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र उभारायचं सरकारने २०२२ साली जाहीर केलं आहे. तिथे सगळी कागदपत्रं एकत्र येतील. येऊ देत. पण माझं म्हणणं आहे की त्या ५५० जणांना आधी पत्रं जावीत: तुमचं बोलणं आमच्याकडे आहे, ते तुम्हाला परत ऐकायचं आहे का, त्यात काही जोडायचं आहे का, ते कोणी ऐकावं आणि कोणी ऐकू नये असं तुम्हाला वाटतं? आणि ज्यांची हरकत नसेल त्यांना एका खोलीत, चहाच्या किटलीभोवती, एकमेकींसमोर बसवून पुन्हा बोलू द्यावं.

मावशी घरी आली त्याला आता वर्ष होत आलं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंचा नंबर तिने घेतलाय. दर रविवारी दुपारी फोन असतो. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत जाऊन बसते.